शितूतसाहेबांच्या गळ्यातला शिक्का

आमचे शितूतसाहेब गळ्यात शिक्का घालून फिरतात. सुतळीत ओवलेला, लाकडी मुठीचा रबरी शिक्का. रत्नागिरीतले जाणते स्ट्रक्चरल इंजिनियर, पण लग्नाच्या पंगतीत वाकले की शिक्का आमटीत बुडतो. मग पुढचे दोन दिवस ऑफिसातल्या नकाशांना आमसुलाचा वास येतो.

मी त्यांच्याकडे वीस वर्षं नकाशे काढतो. म्हणजे वीस वर्षं शिव्या खातो. "शिंच्या, ह्याच्याखाली कोण उभं राहणार?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. जिना असो, टाकी असो, नाव सांगावंच लागतं. एकदा वैतागून मी "कुत्रं" म्हणालो, तर म्हणाले, "मग निदान कुत्र्यासाठी तरी नीट काढ."

परवा लांज्याचा एक कंत्राटदार नकाशांची गुंडाळी घेऊन आला. गणपतीपुळ्याला लॉज बांधतोय.

"साहेब, सगळं तयार आहे. तुम्ही फक्त शिक्का मारायचा."

"काढलाय कोणी?"

"आहेत एक ओळखीचे, मुंबईला."

"मग त्यांचाच मार."

"त्यांच्याकडे लायसन नाय ना!"

"म्हणजे पोर त्याचं आणि बापाच्या रकान्यात नाव माझं? आकडेमोड कुठाय?"

"ती कशाला? पाच मिनिटांचं तर काम."

"शिक्का म्हणजे काय देवळातला प्रसाद, हात पुढे केलास की ठेवला?" साहेबांनी गुंडाळी खिडकीतून भिरकावली. ती खालच्या वडेवाल्याच्या पत्र्यावर पडली. कंत्राटदार शिडी शोधत गेला आणि संध्याकाळच्या आत दुसऱ्या कुणाचा तरी शिक्का मिळवून मोकळा झाला.

ह्या शिक्केवाल्यांचा मला भयंकर संताप येतो. नकाशा उलटा धरतील, पण शिक्का सुलटा मारतील. सळई किती, जमीन कसली, काही विचारायचं नाही. आणि पडलं की, "मी नुसती सही केली हो!" नुसती? तुझ्या सहीच्या भरवशावर माणसं आत झोपतात, मेल्या!

पण एवढं तावातावाने बोलायचा मला तरी काय अधिकार?

बारा वर्षांपूर्वी पूर्णगडला बशीरचाचांच्या घराचं काम आमच्याकडे होतं. सज्जा भिंतीतून बाहेर लटकतो, म्हणून त्याच्या मुख्य सळया वरच्या अंगाला घालाव्या लागतात. मी आधीच्या कामातला साध्या स्लॅबचा तपशील उचलला आणि सळया खालच्या अंगाला दाखवल्या. साहेबांना भाचीच्या केळवणाला जायचं होतं. "तू काढलायस ना? मग काय बघायचं," म्हणाले आणि शिक्का मारला. सेंटरिंगचे टेकू काढले, आणि दोन दिवसांनी सज्जा खाली आला. त्याच्याच सावलीला बशीरचाचा जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांचा उजवा पाय गेला.

चौकशीत विचारलं, नकाशा कोणी काढला? मी मागच्या बाकावर बसलो होतो. उठलोच नाही. साहेब म्हणाले, "शिक्का कोणाचा आहे? मग मलाच विचारा." त्यांचं लायसन दोन वर्षं बंद झालं. ते परत मिळालं त्या दिवशी शिक्का सुतळीत ओवून त्यांनी गळ्यात घातला.

महिन्यातून एका रविवारी साहेब पूर्णगडला जातात. स्कूटर मी चालवतो. चाचांच्या ओट्यावर बसून ते जाळ्याचं दुसरं टोक धरतात.

"साहेब, गाठ परत चुकली तुमची," चाचा करवादतात.

साहेब मुकाट्याने गाठ सोडतात आणि पुन्हा मारतात. त्यांना असं मुकाट बसलेलं मी दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही.

एरवी पेन्सिल बोथट असली तरी माझा उद्धार होतो. त्या सज्ज्याबद्दल मात्र बारा वर्षांत एक शब्द नाही. मला त्याचाच राग येतो. एकदा घ्या की हो फैलावर! गेल्या रविवारी परत येताना शेवटी मीच धीर केला.

"साहेब, तो सज्जा... माझ्यामुळे..."

पाठीमागून माझ्या खांद्यावर हात पडला. शिक्का पाठीला टोचत होता.

"पुढे बघून चालव, शिंच्या. खड्डा आहे."