गोदाई निवासाची टाकी सर जाहली त्याची हकीकत

श्रीगंगागोदावरी प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाख मास. सातपूर प्रांती गोदाई निवास म्हणोन तीन मजली स्थळ आहे, तेथील समस्त भाडेकरूंनी मोबाइलच्या ग्रुपात ठराव करोन हुकूम केला की, गच्चीवरील टाकी कोण्या पराक्रमे सर जाहली याची साद्यंत हकीकत लिहोन ठेवावी, म्हणजे पुढे येणारे भाडेकरू नळ सोडतेसमयी आम्हांस दुवा देतील. त्यावरून पहिल्या मजल्यावरील जुना भाडेकरू, कारखान्यात इतरांची हजेरी मांडता मांडता निवृत्त जाहलेला, त्याने लेखणी धरिली. सदर पाणी आम्ही स्वतः सहा वर्षे प्यालो आहो, सबब मजकुरात कोठे राग दिसल्यास तो लेखकाचा नसून त्याच्या पोटाचा समजावा.

तर या स्थळाचे धनी राजमान्य राजश्री खंडेराव, किल्लेदार गच्ची व मुख्य आबदारखाना, म्हणजे पाणीखाते. यांचे वाडवडील याच जागी कोथिंबीर, फ्लॉवर आणि झेंडू पिकवीत. पुढे कारखाने मळ्यास येऊन भिडले, मग खंडेरावांनी मळ्यात इमारत पिकविली. मनुष्य वाईट नव्हे. दसऱ्यास प्रत्येक दारी झेंडू पाठवीत आणि कोणी आजारी पडल्यास रिक्षा बोलावून देत, परंतु टाकीचे नाव काढिताच मुद्रा पालटे. खासा कबिला तळमजल्यास, त्यांस महापालिकेचे पाणी थेट आणि त्यावर फिल्टर. वरल्या रयतेस गच्चीवरील सिमेंटच्या टाकीचे. त्या टाकीस लोखंडी झाकण, झाकणास कुलूप, आणि कुलपाची किल्ली खाशांच्या करदोट्यास. अकरा महिन्यांचा जो करारनामा होई त्यात भिंतीस खिळा न मारणे, गच्चीवर पापड न वाळविणे, ऐशी बावीस कलमे होती, आणि पाण्याविषयी अक्षर नव्हते. आम्हीही सह्या करितेसमयी विचारिले नाही, हे कबूल करितो.

युद्धास कारण ऐसे की, दुसऱ्या मजल्यावर महेश, कारखान्यातील फिटर, त्याची स्त्री शुभांगी आणि कन्या आरोही, वय वर्षे सहा, राहतात. चैत्रात आरोहीचे पोट दोन वेळा बिघडले, दुसऱ्या वेळी तर सलाइन लावणे प्राप्त जाहले. डॉक्टरांनी चौकशी केली की घरी पाणी कोठले, टाकी केव्हा धुतली, पाणी कधी तपासिले काय? शुभांगीबाईंनी तिन्ही प्रश्न डॉक्टरांच्या चिठ्ठीमागे लिहोन घेतले. मग घरी पाणी गाळून उकळून पिणे सुरू जाहले, परंतु मूल ते मूल, दात घासतेसमयी नळास तोंड लावी. बाईंनी लेकीच्या उशाशी बसोन निश्चय केला की झाकण उघडवीन, नाहीतर हे घर सोडीन. घर सोडणे म्हणजे लेकीची जवळची शाळा आणि नवऱ्याचा सायकलीच्या टप्प्यातला कारखाना, दोन्ही सोडणे. बाईंचा जीव खरोखर टांगणीस लागला होता, ही एक गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती.

प्रथम महेशाने व्हॉट्सॲपद्वारे खलिता रवाना केला. खलित्यास दोन निळ्या खुणा जाहल्या आणि दुसरे दिवशी प्रातःकाळी जाब आला, त्यात गुलाबाचे फूल आणि शुभ सकाळ. दुसरा खलिता गेला, त्याचे उत्तरी जास्वंद आले. मग महेश पहिली पाळी संपवून, अंगावर गणवेश तैसाच, हाती डॉक्टरांची चिठ्ठी घेवोन खासा तळमजल्यावर चालोन गेला. तेथे फर्मान सुटले ते येणेप्रमाणे: "टाकी मागच्या सिंहस्थात धुतली हाय. आता पुढच्या सिंहस्थात धुवू. अन् आपलं गंगेचं पाणी, त्याला काय तपासायचं?"

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, हे नाशकात मुलांसही ठाऊक. परंतु नाशकात राहोन सिंहस्थाशी हुज्जत कोणी घालावी? महेश हतबुद्ध होवोन परतला, आणि वर खंडेरावांनी दिलेली कोथिंबिरीची जुडीही घेवोन आला. ही आमची पहिली हार.

शुभांगीबाईंनी जुडी निवडता निवडता मसलत केली. म्हणाल्या, हे काका तीन वर्षांत खिळे तपासावयास वीस वेळा वर आले, दर वेळी मी पाणी पुढे केले, आणि दर वेळी त्यांचे एकच, "आत्ताच पिऊन आलो." भर वैशाखात दोन जिने चढोन, घामाने सदरा भिजलेला, आणि म्हणे पिऊन आलो. म्हणजे काकांस सर्व ठाऊक आहे. दुसरे ऐसे की आपण पाहुण्यास पाणी देतो ते स्टीलच्या पेल्यातून. आत काय आहे ते देणारास दिसत नाही आणि घेणारास दिसत नाही. आणि तिसरे, काकांवर चढाई करण्यात हशील नाही, काकू गाठल्या पाहिजेत.

काकू म्हणजे सौभाग्यवती लंकाबाई. यांचा दरारा काय वर्णावा. गेल्या सिंहस्थात खंडेरावांची बहीण यशोदाबाई नांदगावाहून पर्वस्नानास येवोन राहिली होती. ती परत गेली आणि लंकाबाईंचा माहेरचा चांदीचा तांब्या घरात सापडेना. तेव्हापासून दहा वर्षे नणंदेस या घराचे दार बंद आणि खंडेरावांची भाऊबीज बंद. ऐशी बाई एकदा बोलिली म्हणजे बोलिली, तो शब्द मोडावयाची खंडेरावांची छाती नव्हती.

मग अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरोन शुभांगीबाईंनी हळदीकुंकवाचे आमंत्रण दिले. पन्हे उकळोन गार केलेल्या पाण्याचे, त्यात दगा नव्हता. परंतु समोरच्या फळीस सहा काचेचे पेले मांडिले, तोच आमचा तोफखाना. लंकाबाई दोन जिने चढोन आल्या, धापा टाकीत बसल्या आणि आधी पाणी मागितले. शुभांगीबाईंनी त्यांच्यादेखत नळ सोडिला, पेला भरिला, तबकात ठेवोन पुढे केला. बाईंनी पेला उचलिला तो आत एक तांबडी अळी, दोऱ्याएवढी, खालून वर आणि वरून खाली डौलाने फेरी घालीत होती.

"हे कुठलं पाणी गं?"

"तुमच्याच टाकीतलं, काकू. आम्ही रोज गाळून उकळून पितो. आज जसं आलं तसं दिलं."

लंकाबाईंनी पेला खाली ठेविला, आरोहीकडे पाहिले, तिच्या हातावर सलाइनच्या सुईचा डाग अद्याप होता. बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "आज पितरांची घागर मी फिल्टरच्या पाण्यानं भरली. अन् जित्या माणसांना हे." ऐसे बोलोन पेला हाती घेवोन तैशाच खाली उतरल्या, आणि मागून सहा बायका, महेश आणि आम्ही.

खंडेराव पुरणपोळी जेवोन पलंगावर विसावले होते. पेला पाहताच प्रथम म्हणाले किल्ली हरवली, मग म्हणाले पोटात कळ आली, मग म्हणाले आज सणाचा दिवस, आज टाकी उघडू नये. लंकाबाईंचा हुकूम जाहला की साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त आहे, याहून चांगला दिवस कोणता, आणि हात पुढे केला. खंडेरावांनी करदोटा सोडिला. किल्ली देतेसमयी त्यांनी लंकाबाईंकडे पाहिले नाही, ते केवळ अळीच्या भयाने, ऐसे आम्हांस वाटिले.

महेशाने फोन करिताच, सणाच्या दिवशीही नवनाथ टाकीवाला पंप, घासणी आणि औषध घेवोन हजर जाहला. झाकण उघडिताच जो वास निघाला त्याचे वर्णन करीत नाही. गाळ वीतभर, कबुतराची पिसे गणतीबाहेर, एक चप्पल डाव्या पायाची. नवनाथ आत उतरोन गाळ उपसू लागला, तो फावडे कशावर तरी खणकन वाजले. हात घालोन त्याने एक काळा गोळा वर दिला. लंकाबाईंनी पदराने पुसला, तो चांदी चमकली आणि काठाशी त्यांच्या आईचे नाव निघाले.

मग खंडेरावांनी मान खाली घालोन सांगितले, "सिंहस्थात रामकुंडाचं पाणी आणून टाकीत सोडत होतो. भाडेकरूंनाबी पुण्य लागावं म्हणून. हातातून निसटला. तुला सांगायची हिंमत झाली नाय."

"अन् वन्संना मी दहा वरसं चोर म्हणले," इतके बोलोन लंकाबाई कठड्याशी बसल्या आणि पदर तोंडास लावोन रडल्या. शुभांगीबाईंनी त्यांचे पाठीवर हात ठेविला. आमचा सहा वर्षांचा राग तेथे अर्धा उतरला, खोटे कशास लिहावे.

उपरांत डोळे पुसोन लंकाबाईंनी फर्माविले की, घर भाड्याने देणे म्हणजे नुसत्या भिंती देणे नव्हे, नळास येते ते पाणीही आपणच देतो, सबब त्याची निगा घरमालकाकडे. टाकी दर सहा महिन्यांनी धुवावी, पाणी प्रयोगशाळेत तपासावे, अहवाल जिन्यात डकवावा, आणि हे कलम करारनाम्यात तेविसावे म्हणोन लिहावे. पुढील धुलाई भाऊबिजेआधी, यशोदाबाईंचे समक्ष. आणि खाशांनी उदईक पहिल्या गाडीने नांदगावी जावोन बहिणीची माफी मागावी, तिला घेतल्याशिवाय परत येवो नये. खंडेराव गेले. तिसरे दिवशी बहिणीसह आले.

आठव्या दिवशी अहवाल जिन्यात लागला: पिण्यास योग्य. खंडेराव तो पाहावयास दोन जिने चढोन आले, सदरा घामाने भिजलेला. आरोही लंकाबाईंनी घासोन दिलेल्या त्याच तांब्यात नळाचे पाणी घेवोन दारात उभी राहिली आणि विचारिती जाहली, "आजोबा, आत्ताच पिऊन आलात का?"

"न्हाय गं. लय तहान लागलीय," म्हणोन खंडेरावांनी तांब्या उभ्याउभ्या रिता केला आणि दुसरा मागितला.

येणेप्रमाणे वैशाख शुद्ध दशमीस गोदाई निवासाची टाकी फत्ते जाहली. आमचेकडील हानी: काचेचा पेला एक, गडबडीत फुटला. किल्ली हल्ली लंकाबाईंच्या कमरेस. हकीकत येथवर लिहोन पुरी केली, आणि लिहिणारा नळाचे पाणी, न उकळता, प्यावयास उठला.