वहीतला बुधवार

विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवावा, तुम्हीच सांगा: तीस वर्षं शेळ्यांचा व्यापार केलेल्या माझ्यावर, की काचेच्या बशीतून माझ्या वहीतली खोटी तारीख पकडणाऱ्या सात दिवसांच्या गर्भावर?

माझी चंद्री दर वेताला तिळं देणारी शेळी. आता दात झिजले, तिला पोट पेलवेना. म्हणून डॉक्टर खरमाटेबाईंनी तिला एका वेळी पुष्कळ गर्भ धरायची इंजेक्शनं दिली, बुधवारी स्वतः उभं राहून बोकड दाखवला, आणि पुढच्या बुधवारी गोठ्यामागच्या खोलीत तिची पिशवी कोमट पाण्यानं धुऊन गर्भ काढला. दहा-बारा निघतील असा अंदाज होता. निघाला एकच. आधीची सगळी करडं मी विकून बसलेलो; हा गेला की माझ्या गोठ्यातला चंद्रीचा वंश संपला.

तो दुसऱ्या शेळीच्या पोटात सोडायचा. अट एवढीच, की तीही चंद्रीच्याच दिवशी माजावर आलेली हवी. सहा शेळ्या तयार ठेवल्या होत्या. पोटाला पोतं बांधलेला, म्हणजे नुसता हुंगून माज ओळखणारा बोकड त्यांच्यात सकाळ-संध्याकाळ फिरवायचा आणि माजाचा वार लिहायचा, हे काम माझ्याकडं.

बाईंनी रीतीप्रमाणे वही बशीशेजारी ठेवली. "गर्भाला वाचून दाखवा, शेठजी. हरकत नसेल तर पुढं जाऊ."

"पहिली, बुधवार. दुसरी, बुधवार. तिसरी, चौथी, पाचवी, बुधवार..."

"पाचही बुधवार?" बशीतून विचारणा झाली.

"पाचही."

"गेल्या बुधवारी तुम्ही कुठं होता, शेठ?"

गर्भ बोलला याचं नवल नाही. पण हा प्रश्न मला बाजारात कुणी कधी विचारला नव्हता. एकदा मी आठदाती शेळी चारदाती, म्हणजे वयानं निम्मी, म्हणून विकली. ती चार बाजार फिरून आली, तेव्हा मीच ती दोनदाती म्हणून विकत घेतली. आमच्यात एकमेकांना सांभाळून घ्यायची पद्धत आहे.

"बाजारात होतो," मी म्हणालो.

"मग बोकड कुणी फिरवला?"

"कुणीच नाही."

बाईंनी घड्याळ पाहिलं. "चुकीच्या दिवसाच्या पोटात हा रुजणार नाही. पाचही पोटं उघडून बघायला वेळ नाही. तासाभरात हा मरेल."

"सहावीपुढं काय लिहिलंय?" गर्भानं विचारलं.

"माज नाही."

"हे तरी खरं?"

तेवढ्यात दारात दाजी आले, हातात दावं. "ओ मेव्हणे, बुचीला सोडा की! मसाला वाटून झाला."

बुची म्हणजे सहावी. भाच्याच्या जावळाला मी ती कबूल केली होती. बुधवारी पहाटे बाजाराला निघताना ती शेपूट हलवत, ओरडत माझ्या अंगावर आली होती. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण माज लिहिला तर तिच्यात गर्भ जायचा, आणि बहिणीला तर शब्द दिलेला, म्हणून 'माज नाही' लिहून मोकळा झालो.

हे सगळं मी बशीला सांगितलं.

"दुरुस्त करा," गर्भ म्हणाला.

मी खोडून 'बुधवार' लिहिलं. सही केली.

"आणि मी काय वाढू?" दाजी ओरडले. "सव्वाशे पानं बसायचीत. तुमची वही शिजवू?"

"पिठलं करा, दाजी."

"जावळाला पिठलं! तुमच्या बहिणीला तुम्हीच सांगा. मला त्या घरात राहायचंय."

"त्यांनाही वाचू द्या," बशीतून आवाज आला.

दाजींनी अंगठा ओला करून पान उलटलं, सहावी ओळ वाचली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "बुधवार लिहिलाय म्हटल्यावर इलाज नाही," म्हणत ते रिकामं दावं घेऊन गेले.

बाईंनी बुचीच्या पोटाला दोन बोटांची चीर दिली, आत दिवस जुळल्याची खूण पाहून मान डोलावली, बारीक नळीनं गर्भ सोडला. जाताजाता तो एवढंच म्हणाला, "बाकीच्या पाच ओळीही खोडा."

बहीण अजून बोलत नाही. बुची पाच महिन्यांनी, शनिवारी व्याली. एकच करडू, कपाळावर चंद्रीचा पांढरा टिळा. उभं राहिल्यावर ते सडाकडं न जाता आधी वहीकडं आलं आणि मी वार लिहीपर्यंत थांबलं. मग प्यायला गेलं.

तुमच्याही गोठ्यात वही असेल. पाहिलेला वारच लिहा, मंडळी. पाहिला नसेल तर जागा कोरी ठेवा.