शिक्क्याचा खण आणि राजवाड्याची मागची बाजू

जगात कोणतीही वस्तू निरुपयोगी नसते. ती कुठे वापरायची हे कळेपर्यंत माणूस निरुपयोगी होतो, एवढेच. हे सत्य शाळेत शिकवत नाहीत. ते एका जुन्या संगणकीय खेळात शिकवतात. त्यात एक राजपुत्र असतो. आपण माऊसने जागा दाखवायची, की तो तिथे चालत जातो आणि दिसेल ती वस्तू उचलून झोळीत टाकतो: चिमटा, दोरी, ओला मोजा, कुणाची तरी कवळी. पुढे कधीतरी तो मोजा राक्षसाच्या नाकाशी धरला की राक्षस झोपतो. का झोपतो, असे विचारायचे नसते. (आमच्या कार्यालयातही कुणी विचारत नाही.)

आमचे कार्यालय रहिवासी दाखले देते. तीन महिन्यांपूर्वी शिक्क्याच्या खणाची किल्ली हरवली, तेव्हापासून काम अगदी सुरळीत चालू आहे. अर्ज आले ६१२, तपासले ६१२, मंजूर ६१२, दाखले दिले शून्य. शिक्का सुरक्षित आहे याबद्दल दुमत नाही. खण फोडायला वरून लेखी परवानगी लागते, आणि परवानगीच्या अर्जावर शिक्का लागतो.

त्या दिवशी पावणेतीनला मावशी आल्या. कुणाच्या मावशी, याची नोंद नाही. सगळे मावशीच म्हणत होते. त्यांच्या मुलीला नर्सिंगला जागा मिळाली होती. पाच वाजेपर्यंत दाखला पोहोचला नाही तर जागा हातची जाणार होती. हेडक्लार्कांनी नेहमीचे उत्तर दिले, "किल्ली सापडली की या."

शंभरातले नव्याण्णव अर्जदार यावर उसासा टाकून घरी जातात. (उरलेला एक भांडून घरी जातो.) मावशींनी मात्र पिशवी खांद्याला अडकवली.

"राजपुत्राचा खेळ मी तीनदा संपवलाय, साहेब," त्या म्हणाल्या. "कसं करायचं ते मला ठाऊक आहे."

मग त्यांनी प्रत्येकाला प्रत्येक प्रश्न विचारला, तेच तेच उत्तर यायला लागेपर्यंत. आमच्याकडे ते पहिल्यापासूनच येते, त्यामुळे वेळ वाचला. नंतर जे जे सुटे दिसले ते उचलले: टाचण्या, फूटपट्टी, शिपायाचा कंगवा, पंख्याचे तुटके बटण, माझ्या डब्यातला चमचा. एकूण तेवीस वस्तू. प्रत्येक वस्तू खणाला लावून पाहिली. शेवटी शिपायालाही लावून पाहिले. हेडक्लार्कांनी अडवले नाही, कारण शिपाई खणाला लावू नये असा नियम नाही. साडेचार वाजले. मावशी पुन्हा पहिल्या टाचणीपासून लावू लागल्या. मला खरोखर वाईट वाटले. (अर्जात त्यासाठी रकाना नाही.)

अचानक त्या थांबल्या. "राजवाड्याचं दार उघडेना झालं, की मागच्या बाजूला जायचं असतं. दादा, टेबल जरा ओढा बरं."

शिपायाने टेबल भिंतीपासून ओढले. ते तिथे ठेवल्यापासून त्याच्या मागे कुणी गेले नव्हते. टेबलाला मागून फळी नव्हती. खणालाही नव्हती. आत शिक्का होता, आणि शेजारी हेडक्लार्कांचा चष्मा, ज्याच्यावाचून त्यांनी सहाशे बारा अर्ज तपासले होते.

चार चाळीसला दाखला निघाला. मावशी धावत सुटल्या. जाताना माझा चमचा घेऊन गेल्या.

इतका गंभीर दोष दुसऱ्याच दिवशी दूर करण्यात आला. शिक्का पुन्हा खणात ठेवला, मागे जाड फळी ठोकली, वर बारा स्क्रू पिळले आणि टेबल भिंतीला टेकवले. काम पूर्ववत सुरळीत झाले.

राहता राहिली किल्ली. पितळी, करंगळीएवढी, लाल दोरा बांधलेली. हेडक्लार्क चहाला गेले तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर होती. पेन आम्ही दोरीने बांधून ठेवतो. किल्ली मोकळी होती, तेव्हा उचलणाऱ्याला दोष देता येत नाही. प्रत्येकाच्या घरी एक खण असतोच. त्यात बंद पडलेले घड्याळ असते, चार स्क्रू असतात, आणि कुठल्याच कुलपाला न लागणारी एक किल्ली असते. "असू दे, लागेल कधीतरी," म्हणून ती टाकवत नाही.

आज खिडकीशी एक वडील उभे आहेत. त्यांचीही मुलगी, त्यांचीही मुदत पाचचीच. तीन महिन्यांपूर्वी तुम्हीही दाखल्यासाठी आला होतात, अर्ज आमच्याकडे आहे. तेवढा घरचा खण उघडून दोऱ्याचा रंग बघता का?