शब्दांचा सातबारा काढणारे गवईकाका

माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि आमच्या शेजारचे गवईकाका हातात अक्षता घेऊन थेट पुढे आले.

"थांबा महाराज. 'सावधान' एवढ्या जोरात काहून म्हनता? पोरगा भेला ना!" मग साऱ्या मांडवाला त्यांनी समजावलं, "सावधान म्हनजे धोका नाही बाप्पा. स-अवधान. लक्ष देऊन!" मुहूर्त टळतो की काय म्हणून माझ्या सासऱ्यांना घाम फुटला.

काका अमरावतीत तलाठी होते. निवृत्त झाले आणि जमिनी सोडून कवितेतल्या शब्दांच्या मागे लागले. "शब्दाचा सातबारा काढा. मूळ मालक कोन? संस्कृत, फारसी का कानडी?" माझी एकही कविता त्यांनी पुरी ऐकली नाही; दुसऱ्या ओळीतच अडायचे.

खरा जाच कमलकाकूंना. आईकडून आलेल्या ओव्या त्यांना तोंडपाठ. कणीक मळता मळता सूर लावायच्या, "दिवस बुडाला माय, जीव झाला कातर..."

"थांब! हे कापायची कातर नाही हां. संस्कृतातला शब्द. कातर म्हनजे भेलेला."

"मले गाऊ द्याल का नाही? चौकशीच लावली!"

शेवटी काकूंनी त्यांच्यासमोर गाणंच सोडलं.

मागच्या महिन्यात काकू अकोल्याला लेकीकडे गेल्या आणि तिथं त्यांना अर्धांगाचा झटका आला. मी काकांना घेऊन दवाखान्यात पोचलो. काकू शुद्धीवर होत्या, पण वाचा गेलेली. डॉक्टर म्हणाले, "परत येईल की नाही, आत्ताच सांगता येत नाही."

तीन दिवस काका पलंगाजवळच्या स्टुलावर. ताट आलं तसं परत जायचं. काकूंचे ओठ जरा हलले की हे ताडकन उभे. मला म्हणाले, "एक ओवी पुरी ऐकली नाही रे मी. दर खेपेले अडवलं. आता तिले शब्दच सापडले नाही तं?"

चौथ्या दिवशी सकाळी लेक आईचे केस विंचरत होती. अचानक काकूंच्या गळ्यातून आवाज निघाला. चाल ओवीचीच, पण शब्द एकही लागेना. "लालं... भुरू... लालं..."

मी घाईनं विचारलं, "काका, काय म्हणताहेत?"

त्यांनी माझा हात घट्ट दाबला. "चूप. अडवू नको तिले."

काकू दमून थांबेपर्यंत ते तसेच उभे होते. मग खाली वाकले, त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"पुढची म्हन, कमल," ते म्हणाले.