काजळ्याचा चेहरा

दिग्रसच्या स्टँडवर बस थांबली, चहावाले खिडकीखाली ओरडू लागले आणि नेमका तेव्हाच आभाचा फोन वाजला. फोन घनश्यामचा होता. यवतमाळला तिच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं किराणा दुकान होतं.

"आभाताई, तुमचं पार्सल आलं. काही टेन्शन घेऊ नका. खोलून पाह्यलं, माल बरोबर आहे."

पार्सल सोमवारी येणार होतं. पुसदच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन ती त्याच हिशोबाने घरी निघाली होती.

"खोललं? काहून खोललं?"

"काहून म्हणजे? गल्लीचा नियमच आहे नं."

नियम होता खरा. मागच्या दिवाळीत शेजारच्या सत्यशीलाकाकूंनी ऑनलाइन मिक्सर मागवला आणि खोक्यातून वीट निघाली. कंपनी म्हणाली, खोकं उघडतानाचा व्हिडिओ दाखवा. व्हिडिओ कोणी काढला होता? तेव्हापासून डोमाजीकाकांनी ठराव केला की घरी कोणी नसताना आलेलं पार्सल घनश्यामने दोन पंचांसमोर उघडायचं, व्हिडिओ काढायचा आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकायचा. काका कोर्टातून बेलीफ म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे याला ते पंचनामा म्हणत. नियम झाल्यापासून एकदाही फसवणूक झालेली नव्हती. नियमाच्या आधीही ती एकदाच झाली होती, तेव्हा यातून काहीच सिद्ध होत नाही, असं आभाने एकदा सांगून पाहिलं होतं. त्यावर काका म्हणाले होते, "पाय, एकदा झाली होती नं?"

"पण घनश्यामभाऊ, आई घरीच असेल नं? अन् पुस्तकात कोण कायले वीट टाकते?"

"शोभाकाकू भाजीले गेलत्या. अन् वीट नाही टाकत, पण पानं कमी निघाले तं? म्हणून एकेक पान कॅमेऱ्यापुढं पलटवून दाखवलं. डोमाजीकाका अन् सत्यशीलाकाकू पंच होते. सगळे पानं आहेत. पण काही म्हणा ताई, थो काजळ्या असा कोणी निघन असं मले—"

"भाऊ, एक शब्द पुढं बोलू नका. तुमाले कळंबच्या चिंतामणीची शपथ आहे."

मग घनश्याम दबक्या आवाजात म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला.

आभाच्या मांडीवर 'गुरुत्वा'चा पाचवा भाग उघडा होता. नागपूरच्या चार मित्रांनी मिळून काढलेली ही सहा भागांची कॉमिक मालिका. गुरुत्वा ही एक साधी मुलगी, पण स्वतःचं वजन हवं तसं बदलू शकणारी. पिसाएवढी हलकी होऊन ती गच्चीवरून गच्चीवर तरंगत जाते आणि डोंगराएवढी जड होऊन रस्त्यात उभी राहिली की सुसाट आलेला ट्रक जागीच थांबतो. आभा भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेली. पहिला भाग वाचून तिने त्या चौघांना लांबलचक मेल पाठवला होता, की वजन बदलताना संवेगाचं काय होतं ते कृपया कळवावं. उत्तर आलं नाही. पण तिसऱ्या भागात प्रयोगशाळेतला एक मदतनीस अगदी हाच प्रश्न विचारतो आणि गुरुत्वा म्हणते, "नंतर सांगते, आत्ता माझी बस चुकेल." आभाने ते चित्र फोनच्या स्क्रीनवर लावलं होतं.

तसा तिसरा भाग सैलच होता, हे ती मान्य करायची. सगळा भाग एका पाण्याच्या टाकीवर बसून नुसत्या गप्पा. पण ते रात्रीचं शहर, निळ्या आणि काळ्या अशा दोनच रंगांत काढलेलं! चौथा भाग तिने स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचला होता आणि दूध उतू गेलं होतं. आणि पाचव्याच्या शेवटच्या चौकटीत गुरुत्वाचा हात काजळ्याच्या मुखवट्यावर पडला होता. काजळ्या, म्हणजे काजळी माखलेला मुखवटा घालून शहराचे दिवे विझवत फिरणारा तो खलनायक. तो आहे तरी कोण?

आभाचं उत्तर तयार होतं. काजळ्या म्हणजे गुरुत्वाचे प्राध्यापकच. पुरावे भरपूर होते. पण निकाल आधी कळला तर तो प्रयोग राहत नाही, पाठांतर होतं, असं ती विद्यार्थ्यांना नेहमी बजावत असे. पार्सलमधला सहावा भाग स्वतः उघडायचा, स्वतः वाचायचा आणि आपला अंदाज बरोबर की चूक ते त्या पानावरच बघायचं, एवढीच तिची या महिन्यातली इच्छा होती.

बस सुटली तसा फोन पुन्हा किणकिणला. गल्लीचा ग्रुप. पडद्यावर अर्धी ओळ चमकली, 'अरे पण काजळ्या तर...' आभाने फोन पालथा घातला. किणकिण थांबेना. शेवटी अर्धे डोळे मिटून, चाचपडत, तिने ग्रुप सोडला आणि निर्धास्त होऊन खिडकीबाहेरच्या कपाशीकडे बघत बसली.

निर्धास्तपणा दारव्ह्यापर्यंत टिकला. तिथे आईचा फोन आला.

"आभे, तू ग्रुप काहून सोडला वं? डोमाजी भाऊजी घरी येऊन बसले. म्हणतात, आमी पार्सल खोललं म्हणून पोरीले राग आला. सत्यशीला तं रडूनच राह्यली. म्हणते, माह्या मिक्सरपायी गल्ली फुटली."

त्या गल्लीत ग्रुप सोडणं ही लहान गोष्ट नव्हती. नालीच्या भांडणात एका घराने ग्रुप सोडला होता, तर आजही त्यांच्याकडे कोणी लग्नाची पत्रिका देत नव्हतं.

"आई, मले कोणाचाच राग नाही. मले फक्त शेवट माहीत नाही करून घ्यायचा."

"कायचा शेवट?"

"त्या पुस्तकाचा."

"हात्तिच्या. एवढंच होय? अवं, मी बी पाह्यला थो व्हिडिओ. थो काजळ्या म्हणजे आपला—"

आभाने फोन कापला. आईचाही फोन कापला म्हटल्यावर पोरगी किती रागावली आहे याबद्दल गल्लीत कोणाला शंका उरली नाही.

ती ऑटोतून उतरली तेव्हा समोरच्या खोलीत बैठक भरली होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून सत्यशीलाकाकूंनी आपल्या घरच्या आणल्या होत्या. घनश्याम दुकान उघडंच टाकून आला होता. पार्सल मधोमध टेबलावर, जणू जप्तीचा माल.

डोमाजीकाकांनी घसा साफ केला. "आभा, चूक झाली असंन तं तसं सांग. पण ग्रुप नोको सोडू बेटा."

आभाने सगळं समजावून सांगितलं. अंदाज म्हणजे काय, पडताळा म्हणजे काय, आधीच उत्तर कळलं तर काय बिघडतं. बैठकीने मन लावून ऐकलं.

"म्हणजे असं म्हण नं, की मामला कोर्टात आहे," काका म्हणाले. "निकाल लागेपर्यंत कोणी बोलायचं नाही."

"हाव काका. अगदी तसंच."

"मंग झालं. मी शपथ-बिपथ घेत नाही. आपला शब्द पुरे. आता ह्या घडीपासून काजळ्या कोण, हे आभाले कोणी सांगायचं नाही. ना इशाऱ्यानं, ना हसून. अन् थो व्हिडिओ सगळ्याइनं आपापल्या फोनातून उडवा."

"मी चिंतामणीची शपथ आधीच घेतली, फोनवर," घनश्याम म्हणाला.

"तुले देली होती. तू घेतली नोती. आता घे."

घनश्यामने घेतली. सत्यशीलाकाकूंनी घेतली. आईनेही घेतली, जरा नाराजीने. मग काकांनी एकेकाचा फोन हातात घेऊन व्हिडिओ गेल्याची खात्री केली आणि बाकीच्या घरांचे फोन तपासायला ते जातीने गल्लीत फिरून आले. आभा पुन्हा ग्रुपमध्ये आली. तिचं स्वागत म्हणून कोणीतरी फुलांचं चित्र टाकलं. आपली माणसं किती समजूतदार आहेत, या विचाराने तिला भरून आलं.

चहा घेऊन, दार लावून, ती वाचायला बसली. घाई केली नाही. प्रत्येक चौकट दोनदा बघितली. सहावा भाग पाचव्यापेक्षाही सरस होता. विझलेल्या शहरात गुरुत्वा एकेका दिव्याचं वजन कमी करून ते आकाशात सोडते, त्या पानावर आभा बराच वेळ थांबली. संवेगाचा प्रश्न तिला सुचलासुद्धा नाही. मग मुखवटा निघाला, पान संपलं, आणि ती पुढचं पान उलटायला गेली.

पान उलटेना. शेवटची दोन पानं एकमेकांना चिकटली होती. आभाने वास घेतला. गूळ. पार्सल आलं तेव्हा घनश्याम बहुधा गुळाची ढेप फोडत होता, आणि पंचनाम्याच्या घाईत त्याने हात धुतले नव्हते.

गूळ पाण्यात विरघळतो, कागद पाण्याने फाटतो, म्हणून मधला मार्ग वाफेचा. आभाने चहाचं पातेलं पुन्हा ठेवलं, पानं वाफेवर धरली आणि चिमट्याने हळूहळू सोडवली. एकही तुकडा पडला नाही, एकही कोपरा फाटला नाही. फक्त शाई गुळासोबत निघून आली. गुरुत्वा होती, हातात मुखवटा होता, आणि काजळ्याच्या चेहऱ्याच्या जागी घनश्यामच्या अंगठ्याएवढा तपकिरी डाग. गुरुत्वाच्या तोंडी एकच शब्द होता, "तू?" आणि त्याखाली समाप्त.

दुसरी प्रत मिळणार नव्हती. पहिली आवृत्ती संपली होती आणि पुढची काढायला त्या चौघांना दोन महिने हवे होते. वाचकांच्या ऑनलाइन ग्रुपवर विचारणं तर शक्यच नव्हतं. 'मुखवट्यामागे प्राध्यापकच, पैजेवर सांगते' असं तिथे तिनेच ठासून लिहिलं होतं. आणि व्हिडिओ? तो तिच्याच विनंतीवरून गल्लीतल्या एकूण एक फोनमधून गेला होता.

ती दुकानावर गेली. बाकावर डोमाजीकाका आणि सत्यशीलाकाकू होते. आई कोथिंबिरीच्या जुड्या निवडत होती.

"घनश्यामभाऊ, काजळ्या कोण आहे?"

घनश्यामने हातातली तागडी खाली ठेवली. "काय ताई, गरिबाची परीक्षा पाहून राह्यल्या काय?"

"परीक्षा नाही. पान खराब झालं. तुमच्या गुळानं. आता मीच म्हणतो, सांगा."

"माफ करजा ताई. पण चिंतामणीची शपथ म्हणजे काही गुळाची ढेप नोय, पाह्यजे तवा फोडायले."

"काका, तुम्ही तरी."

"बेटा, एकतीस वर्स कोर्टात काढले. शब्द देला म्हणजे देला."

"आई."

"मी तं फोनवर सांगतच होती," आई जुडी झटकत म्हणाली. "तूच फोन कापला. आता दोन महिने बस."

आभा बाकाच्या टोकाला बसली. मग तिच्यातली भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी जागी झाली. जी गोष्ट थेट दिसत नाही ती परिणामांवरून मोजतात. अणू कोणी पाहिला होता? इथे तर चार उपकरणं समोरच बसली होती.

"बरं, सांगू नका," ती म्हणाली. "मी नुसती नावं घेतो. प्राध्यापक."

चारही चेहरे दगडाचे. तिचा सहा महिन्यांचा सिद्धान्त त्या दगडांवर आपटला आणि काहीच आवाज झाला नाही.

"गुरुत्वाचा भाऊ. थो मदतनीस. महापौर. वीज कंपनीचा साहेब."

काही नाही. काका दूर मंदिराच्या कळसाकडे बघत होते. सत्यशीलाकाकूंनी तर श्वासच रोखून धरला होता. आभाने मालिकेतली उरलीसुरली माणसं एकेक करून संपवली. मग काहीच सुचेना, तेव्हा निव्वळ वैतागून म्हणाली, "मंग काय, दूधवाला?"

घनश्याम एकदम वळला आणि रिकामी तागडी फडक्याने घासायला लागला. डोमाजीकाका चष्मा शोधू लागले, तो त्यांच्या नाकावर होता. सत्यशीलाकाकूंनी पदर तोंडात कोंबला. आणि आई हातातली कोथिंबीर तशीच टाकून उठली. "बाई बाई, गॅसवर भाजी करपली वाटते," ती म्हणाली. भाजी अजून तिच्या पिशवीत होती.

आभा हळूच हसली. दूधवाला. दर भागाच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात सायकल घेऊन उभा असलेला दूधवाला. तिने त्याच्याकडे एकदाही धड बघितलं नव्हतं.

"हे पाय आभा," डोमाजीकाका चष्मा सापडल्यासारखं करत म्हणाले, "ध्यानात ठेवजो. आमच्यापैकी एक जण बी काही बोलला नाही."

"नाही काका," आभा म्हणाली. "कोणीच नाही."

आणि दिलेला शब्द पाळल्याचं समाधान घेऊन सगळे जण आपापल्या घरी जेवायला गेले.