खोट्या गोळीचा माणूस

"मी दिगंबर पाठक. माझी गोळी खोटी आहे."

नव्या माणसाला दिगूकाका आपली ओळख अशी करून देत. समोरचा गोंधळला की त्यांना फार आनंद व्हायचा. झाशीतल्या इलाइट चौराह्यावरच्या चहावाल्याला तर हे पाठ झालं होतं. दुसऱ्या गिऱ्हाइकांना तोच सांगायचा, "पंडितजी नकली वाले हैं," आणि काका शेजारी उभे राहून मान डोलवायचे.

ही गोळी त्यांच्यापर्यंत पोचली ती माझ्यामुळे. यकृताच्या आजारावरच्या नव्या औषधाचा अभ्यास आमच्या इस्पितळात चालू होता. पेशंटना बोलावणं, तपासण्या करवून घेणं, गोळ्यांच्या बाटल्या देणं हे माझं काम. काका सिविल लाइंसमध्ये आमचे शेजारी. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, सुपारीचंसुद्धा व्यसन नसलेले. तरी त्यांच्या यकृतात चरबी साठून ते कडक होत चाललं होतं. दारूला न शिवणाऱ्यालाही हा आजार होतो, हे आमच्या गावात कुणाच्या गळी उतरत नाही. काकांच्या न्हाव्याने एकदा त्यांच्या कानाशी लागून सांगितलं होतं, "बाबूजी, अब छोड़ दीजिए." नेमकं काय सोडू, साबुदाण्याची खिचडी का, असं काकांनी त्याला विचारलं म्हणे.

अभ्यासात निम्म्या लोकांना खरं औषध मिळणार होतं आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी. कुणाला कुठली, हे पेशंटला ठाऊक नसतं, डॉक्टरांना नसतं आणि मलाही नसतं. मी हे समजावून सांगितलं तेव्हा काकांनी तिथल्या तिथे निकाल दिला, आपली खोटीच असणार. जन्मभर त्यांच्या वाट्याला तेच आलं होतं. गणपतीतल्या नाटकात ते पडद्यामागून वाक्यं सांगायला असत आणि भावाच्या लग्नात त्यांना पाहुण्यांच्या चपला राखायला बसवलं होतं. पण ह्याची त्यांना खंत म्हणून नव्हती. उलट अभिमानच.

"मुली, खोट्याशी ताडून पाहिल्याशिवाय खरं हे खरं कसं ठरेल? कुणीतरी लागतंच ना."

मग घरीही संशोधन सुरू झालं. दोन तुळशी आणल्या, एकीला खत आणि दुसरीला नुसता नमस्कार. गल्लीतल्या दोन कुत्र्यांपैकी एकाला तूप लावलेली पोळी, दुसऱ्याला कोरडी. कोरडीवाल्याने दोन्ही पळवल्या आणि तो प्रयोग तिथेच आटोपला. माझ्या आईने त्यांच्यापुढे हात टेकले होते. गणपतीत मोदकाला नाही म्हणताना ते "मी अभ्यासात आहे" असं इतक्या गंभीरपणे म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस परीक्षेला बसलाय.

इस्पितळातल्या बाकावर त्यांची गाठ रामसेवकजींशी पडली. हे झाशी जिल्ह्यातल्याच गरौठ्याचे, निवृत्त बसचालक, त्याच अभ्यासातले. दोघांच्या तारखा एकाच दिवशी यायच्या. रामसेवकजींचं यकृत काकांच्यापेक्षा बरंच खालावलेलं होतं. घरात बायको, मुलगा, सून आणि दोन लहान नाती. काका म्हणजे एरवी कुणाच्या घरी चहाला न बसणारा माणूस, पण रामसेवकजींची बस उशिरा आली की ते फाटकापर्यंत तीनतीनदा जाऊन यायचे.

त्या वर्षी गोकुळाष्टमीचा काला झाला आणि दुसऱ्याच दिवशी दोघांची तारीख होती. काल्याला आम्हा झाशीच्या मराठी घरांतून ज्याचा त्याचा डबा देवळात येतो. पोहे, दही, लोणचं, काकडी, सगळं एका पातेल्यात कालवतात आणि मग वाटतात. कुणाच्या घरचं कुणाच्या पोटात गेलं, हे विचारायचं नसतं. काकांनी त्यातला प्रसाद रामसेवकजींसाठी नेला आणि खाता खाता त्यांना ही रीतही सांगितली.

हे सगळं मला कळलं गणपतीत, खुद्द काकांच्या तोंडून. ते मोठ्या आनंदात होते. त्या दिवशी रामसेवकजी खचलेले होते. त्यांच्या पायांवर सूज आली होती. प्रसाद खाऊन झाल्यावर ते म्हणाले होते, "पंडज्जी, हमें लगत है हमाई भी नकली आय." काकांनी मग रिकामा डबा धुऊन पुसून घेतला, दोघांच्या नव्या बाटल्या त्यात ओतल्या, नीट हलवल्या आणि सारख्या वाटून पुन्हा बाटल्यांत भरल्या. एकाची जरी खरी असली, तरी आता ती दोघांना मिळेल.

"गोळ्यांचा काला केला आम्ही," काका म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. मला रागही आला आणि रडूही. कुणी काय घेतलं हेच कळेनासं झालं, तर ह्या दोघांवरून औषधाचं काहीच ठरवता येणार नाही, उलट उद्या हजारो लोकांना चुकीचं औषध जाऊ शकतं, हे मी त्यांना सांगितलं. मला हे वर कळवावं लागणार होतं, तेही सांगितलं. काकांनी एवढंच विचारलं, की डॉक्टरांना आपण स्वतः सांगितलं तर चालेल का.

दुसऱ्या दिवशी ते कोट घालून आले. डॉक्टरांपुढे उभं राहून म्हणाले, कल्पना माझी, डबा माझा, त्यांना ह्यातून काढू नका. डॉक्टर चिडले नाहीत, पण नियम नियम होता. दोघांच्याही गोळ्या थांबल्या. नेहमीचे उपचार मात्र डॉक्टरांनी चालू ठेवले. रामसेवकजींनी काकांना एका शब्दाने दोष दिला नाही.

थंडीत रामसेवकजींच्या पोटात पाणी झालं. ते काढत, पुन्हा भरे. होळीच्या आधी ते गेले. तेरवीला काका बसने एकटेच गरौठ्याला जाऊन आले, आणि त्यानंतर त्यांनी आपली ती ओळख कुणाला करून दिली नाही.

पुढे अभ्यास संपला आणि कुणाची गोळी कुठली ते उघड झालं. काकांना सांगायला मी स्वतः गेले. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"काका, तुमची खरी होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि त्याची?"

"खोटी."

डॉक्टरांनी जे बजावून सांगायला सांगितलं होतं, ते मी घाईघाईने सांगू लागले. औषधाचा गुण किती, हे अजून नक्की नाही. आजार फार पुढे गेला होता. गोळ्या अर्ध्या मिळाल्या काय, पूर्ण मिळाल्या काय, रामसेवकजी वाचलेच असते असं कुणीही म्हणू शकत नाही. हे सगळं खरंच होतं. काका मान हलवत होते, पण ते ऐकत नव्हते.

आईने आमच्या घरातून हाक मारली तशी मी उठले. फाटकाशी पोचले तेव्हा काका बोलले, मला उद्देशून की स्वतःशीच, कोण जाणे.

"खरी माझीच आहे हे ठाऊक असतं, तर वाटणी कशाला केली असती? सगळीच दिली असती त्याला. त्याच्या नाती लहान होत्या गं."