कवडी आधी वेचा!

आमचे शेजारी नामदेवराव पहिल्या एसटीत कधीच बसायचे नाहीत. आर्णीच्या स्टँडवर नागपूरची गाडी रिकामी लागली तरी सोडून द्यायचे. "दुसरी पाह्यल्याबिगर हे चांगली हाय, कसं समजंन गुर्जी?" दुसरी खच्चून भरलेली यायची. मग नागपूरपर्यंत आम्ही दोघं उभे!

त्यांचा सगळा जन्म जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात गेला. दोन मुठी शेजारी ठेवायच्या, चिमटीनं धागा ओढायचा, मग तोंड उघडायचं. भाव कोसळला तरी यांच्या चिमटीला घाई नाही. केळी घेतानाही दोन गाड्यांवरचं एकेक खाऊन बघणार. "समोरासमोर ठेवा!" हे पालुपद.

अशा माणसाच्या अन्ननलिकेत खराबी निघाली. वर्षानुवर्षांच्या जळजळीनं आतलं अस्तर बदललं होतं. कॅन्सर नव्हता, पण तसंच सोडलं तर व्हायची भीती होती. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं की सगळं दुर्बिणीतूनच होईल. कुठे उंचवटा असेल तर तो कापून काढता येतो, अस्तर उष्णतेनं जाळता येतं, नाहीतर थंड वायूनं गोठवता येतं.

"तीन-तीन!" मी इकडे घाबरलेलो, अन् हा गडी खुशीत! खिशातून वही निघाली. "जाळल्यावर गिळाले किती दिवस दुखते? गोठवलं तं नळी आवळते का? खराबी पुन्हा येते का?" बाहेर पेशंटांची रांग. मी त्यांची बाही ओढली. "अहो, बाई सांगतील ते करा ना!"

"काहून? चप्पल घ्याले चार दुकानं फिरता तुमी. हा तं माहा गळा हाय!"

मग दुर्बिणीचे फोटो मागितले, समोरासमोर ठेवले, अंगठ्यानं चाचपत बसले. एकाएकी बोट टेकवलं. "बाई, हा उंच ठिपका म्हंजे कवडी. किडक्या बोंडाचा पिवळा कापूस. कवडी आधी वेचा, तपासाले धाडा. मंग बाकीचं सपाट जाळा. जाळून नाही भागलं तं गोठवा."

बाई पाहतच राहिल्या. "काका, मी हेच लिहिलंय!" त्यांनी कागद फिरवून दाखवला. नामदेवरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांची बाही सोडून दिली.

कवडी वेचली, तपासणीत कॅन्सर निघाला नाही. जाळणं तीनदा झालं. दर वेळी चार दिवस पातळ वरणावर काढले, कण्हलेही खूप. अन् शेवटच्या तपासणीत सगळं स्वच्छ! बाईंनी हात मिळवला. मला तर तिथंच नाचावंसं वाटलं.

जिन्यात मी म्हणालो, "पण काय छळलंत हो त्या बाईला!"

ते पायरीवर बसले. "तुमच्या वयनीच्या आजारपनात म्या एक बी सवाल केला नाही गुर्जी. मोठे डॉक्टर, आपण काय बोलाव! नुसती मुंडी हालवली. मरता मरता थे मले म्हने, 'आजूक कोनाले इचारलं होतं का हो?'"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकलो. त्यांनी नाक शिंकरलं, रिपोर्टची घडी छातीच्या खिशात ठेवली.

"आता भेटली तं सांगाले तोंड हाय. या बारीनं लय इचारलं म्हनाव."